दीड तासाची सीईटी, दोन वर्षांचं एम.एड.: गुणांना नेमकं किती मानायचं?

एम.एड.ची सीईटी ९० मिनिटांची असते. १०० प्रश्न, १०० गुण, प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय आणि चुकलं तरी गुण कापत नाहीत. या दीड तासावरून राज्यभरातल्या उमेदवारांची क्रमवारी लागते आणि त्या क्रमवारीला आपण बिनदिक्कत ‘गुणवत्ता यादी’ म्हणतो. पुढची दोन वर्षं तुम्ही काय करता? वर्गातले पेपर, शाळांमधलं प्रत्यक्ष काम आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लघुप्रबंध. एक प्रश्न शोधायचा, त्यासाठी माहिती गोळा करायची, ती तपासायची आणि आपलं म्हणणं पुराव्यासह लिहून काढायचं. चारांतून एक पर्याय निवडण्याशी या कामाचं फारसं साम्य नाही.

मग त्या गुणांना किती मानायचं? इथे दोन तट पडलेले दिसतात. औरंगपुऱ्यात पुस्तकं घ्यायला जा किंवा एखाद्या अभ्यासिकेत बसा, दोन्ही बाजू कानावर येतात. एक म्हणतो, स्कोअर असेल तरच पुढचं बोला. दुसरा म्हणतो, सीईटी म्हणजे नुसतं पाठांतर, तिचा आणि संशोधनाचा काही संबंध नाही. माझं म्हणणं असं की दोघंही पुराव्याशिवाय बोलतात. आणि दुसरा जेव्हा पुरावा देतो, तेव्हा तो बहुतेक वेळा चुकीचा वाचलेला असतो.

तुम्ही शिक्षणशास्त्राचे असाल तर गंमत बघा. मूल्यमापनाच्या पेपरात तुम्ही दोन शब्द पाठ केलेत: विश्वसनीयता आणि सप्रमाणता. चाचणी पुन्हा घेतली तर निकाल तोच येईल का, हा पहिला प्रश्न. जे मोजायचं म्हणतो तेच ती मोजते का, हा दुसरा. हेच दोन शब्द आता तुम्हाला आत घेणाऱ्या परीक्षेलाच लावून पाहू.

विश्वसनीयता: तीन गुणांचा फरक किती खरा?

मी मूळचा विज्ञानाचा. आमच्या प्रॅक्टिकलच्या वहीत नुसता आकडा लिहिला तर सर वही परत करायचे. आकड्यापुढे ‘अधिक-उणे किती’ हे लिहावंच लागतं. प्रवेशपरीक्षेच्या गुणपत्रकावर मात्र हे अधिक-उणे कधीच छापलेलं नसतं. आपणच काढू.

समजा, एका विद्यार्थिनीला विषयातल्या सगळ्या संभाव्य प्रश्नांपैकी ६० टक्के येतात. तिला १०० प्रश्नांचा एक संच दिला तर बरोबर ६० गुण मिळतीलच असं नाही. संचात तिच्या ओळखीचे प्रश्न जास्त पडले तर ६४, कमी पडले तर ५५. हा चढउतार काढायचं साधं सूत्र आहे: १०० × ०.६ × ०.४ याचं वर्गमूळ. ते येतं साधारण ४.९. म्हणजे अशा दहा संचांपैकी सहा-सात वेळा तिचे गुण ५५ ते ६५ यांच्यामध्ये पडतील आणि उरलेल्या वेळी याच्याही बाहेर. प्रश्नपत्रिका घटकवार वाटणी करून काढली तर हा फरक थोडा कमी होतो. परीक्षेच्या दिवशी ताप असेल, संगणक अडकला असेल, तर वाढतो.

आता दोघींची तुलना करा. एकीची खरी पातळी ६१, दुसरीची ५८. दोघींच्या चढउताराचा एकत्र हिशेब केला तर फरकातली अनिश्चितता सात गुणांच्या आसपास जाते. त्यामुळे जिची तयारी खरोखर तीन गुणांनी कमी आहे, ती तीनपैकी साधारण एका वेळी यादीत वर येईल. आणि यादीत तीन गुणांच्या अंतरात किती नावं बसतात, हे ज्यानं गुणवत्ता यादीची पीडीएफ उघडून पाहिली आहे त्याला सांगायला नको.

दुसरी बाजूही लक्षात ठेवा. काहीच न वाचता सगळी उत्तरं अंदाजानं ठोकली तरी सरासरी २५ गुण मिळतात, चार-पाच इकडेतिकडे. चाळीस प्रश्न नक्की येतात आणि उरलेले साठ अंदाजाने सोडवले, तर ५५ च्या आसपास गुण पडतात. थोडक्यात, ३० आणि ७० यांतला फरक खरा आहे, त्यावर वाद घालू नका. ५८ आणि ६१ यांतला फरक मात्र गोंगाटात हरवलेला आहे. यादी या दोन्ही फरकांना सारखीच वागणूक देते, आणि माझी पहिली तक्रार तीच आहे.

सप्रमाणता: ‘गुणांचा आणि यशाचा संबंध नाही’ हे वाक्य कसं वाचायचं

प्रवेशपरीक्षेचे गुण पुढच्या यशाचा अंदाज देतात का, यावर सर्वांत जास्त काम झालंय ते अमेरिकेतल्या जीआरई या परीक्षेवर. तिथल्या अनेक विद्यापीठांत पदव्युत्तर प्रवेशासाठी, शिक्षणशास्त्रासकट, ही परीक्षा वर्षानुवर्षं मागितली जायची. त्यातले दोन शोधनिबंध शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत.

पहिला कुन्सेल, हेझलेट आणि वन्स यांचा, २००१ चा. ‘सायकॉलॉजिकल बुलेटिन’मध्ये आलेलं हे एकत्रित विश्लेषण आहे. १,७५३ नमुने आणि ८२,६५९ विद्यार्थी. निष्कर्ष असा की जीआरईचे गुण आणि पदव्युत्तर वर्गातले गुण यांच्यात साधारण ०.३ ते ०.४ इतका सहसंबंध दिसतो. सर्वसाधारण परीक्षेपेक्षा विषयाच्या परीक्षेचा संबंध अधिक. संशोधनाच्या उत्पादकतेशी मात्र हा संबंध बराच कमकुवत. म्हणजे परीक्षा परीक्षेचा अंदाज बरा देते, संशोधनाचा तेवढा देत नाही.

दुसरा मिलर आणि सहकाऱ्यांचा, २०१९ चा, ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’मधला. अमेरिकेतल्या भौतिकशास्त्राच्या जवळपास ४,००० पीएच.डी. विद्यार्थ्यांची माहिती घेऊन त्यांनी पाहिलं की पदवी पूर्ण कोण करतं. त्यांचा निष्कर्ष: प्रवेशासाठी वापरले जाणारे नेहमीचे निकष, विशेषतः भौतिकशास्त्राच्या जीआरईचे गुण, पदवी पूर्ण होण्याचा अंदाज देत नाहीत. उलट मुली आणि वंचित गट मात्र त्यांच्यामुळे बाहेर राहतात. या निबंधाची खूप चर्चा झाली. ‘गुण निरुपयोगी’ म्हणणाऱ्यांना हातात कोलीतच मिळालं.

पण २०२० मध्ये त्याच नियतकालिकात मायकल वाइसमन या भौतिकशास्त्रज्ञाने त्यावर टिप्पणी लिहिली आणि मूळ लेखकांनी तिला उत्तरही दिलं. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी ही देवाणघेवाण जरूर वाचावी, कारण तिच्यातला मुद्दा तुम्हाला जन्मभर उपयोगी पडेल. मुद्दा असा की अभ्यासात फक्त प्रवेश मिळालेले विद्यार्थी होते. ज्यांना गुणांमुळे प्रवेशच मिळाला नाही, ते या आकडेवारीत नाहीतच.

याने काय बिघडतं? पोलीस भरतीचं उदाहरण घ्या. १६०० मीटर धावण्याची चाचणी पार करून जे निवडले गेले ते सगळेच बऱ्यापैकी वेगाने धावणारे. आता या निवडलेल्यांमध्येच ‘धावण्याची वेळ आणि नोकरीतली शारीरिक क्षमता’ यांचा संबंध शोधा. फारसा सापडणार नाही, कारण वेळेतला फरकच काही सेकंदांचा उरलाय. त्यावरून ‘धावण्याचा क्षमतेशी संबंध नाही, चाचणी बंद करा’ असं म्हणता येईल का?

आकड्यात सांगतो. समजा सगळ्या अर्जदारांमध्ये परीक्षेचे गुण आणि पुढचं काम यांचा सहसंबंध ०.५ आहे. त्यातले वरचे फक्त १० टक्के आत घेतले आणि त्यांच्यातच सहसंबंध मोजला, तर तो साधारण ०.२३ भरतो. संबंध होता तिथेच आहे, पण खिडकी अरुंद केल्यामुळे तो निम्म्याहून लहान दिसतो. विश्वास बसत नसेल तर एक्सेलमध्ये दहा हजार ओळींचा कृत्रिम डेटा बनवून बघा. अर्ध्या तासाचं काम आहे. संख्याशास्त्रात याला व्याप्तीचं आकुंचन म्हणता येईल.

अमेरिकेत यावर आणखी एक गुंतागुंत असते. तिथली समिती गुणांबरोबर शिफारसपत्रं, अनुभव, निवेदन हेही बघते. ज्याचे गुण कमी असूनही प्रवेश मिळाला, त्याच्याकडे बहुधा दुसरं काहीतरी भक्कम असतं. म्हणून आत आलेल्यांमध्ये कमी गुणवाले आणि जास्त गुणवाले सारखेच चांगले निघतात. गुण निरुपयोगी आहेत असं त्यातून सिद्ध होत नाही. समितीने निवड नीट केली, एवढंच फार तर म्हणता येतं.

याचा अर्थ मिलर यांचा निबंध टाकाऊ असा नाही. ठरावीक कटऑफ लावला की कोणते गट बाहेर फेकले जातात, हा त्यांचा मुद्दा स्वतंत्रपणे विचार करायला लावणारा आहे. पण ‘संबंध सिद्ध झाला नाही’ आणि ‘संबंध नाही हे सिद्ध झालं’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारणारा माणूस तुमच्या बाजूचा असला तरी त्याला थांबवा.

आपल्याकडे हा अभ्यास करणं उलट सोपं आहे. एम.एड.च्या केंद्रीभूत प्रवेशात मुलाखत नाही, शिफारसपत्र नाही. निवड सरळ गुणांवर होते, त्यामुळे आकुंचनाची दुरुस्ती करायची सूत्रं स्वच्छपणे लागू पडतात. प्रवेशाचे गुण सीईटी कक्षाकडे असतात, लघुप्रबंधाचे विद्यापीठांकडे. या दोन याद्या जोडून पाहणं हाच एक एम.एड.चा विषय होऊ शकतो. एकच सावधगिरी: तोंडी परीक्षेत सगळ्यांनाच ८० ते ८५ गुण दिले जात असतील, तर त्यांचा अंदाज देणारी चाचणी जगात कुठेच सापडणार नाही. ज्याच्याशी ताडून बघायचं, ते मोजमापही तितकंच नीट हवं.

मग सीईटी काढून मुलाखत ठेवायची का?

इथे मी ‘गुण निरुपयोगी’ म्हणणाऱ्यांपासून पूर्ण वेगळा होतो. कारण पर्याय काय, हे ते सांगत नाहीत.

एनसीटीईच्या २०१४ च्या निकषांनुसार एम.एड.साठी बी.एड.ला किमान ५० टक्के लागतात. निवड पात्रता परीक्षेच्या आणि प्रवेशपरीक्षेच्या गुणांवरून किंवा राज्य सरकार ठरवेल त्या पद्धतीने करायची. म्हणजे निव्वळ सीईटीची यादी हा महाराष्ट्राने निवडलेला मार्ग आहे आणि तो निवडण्याला इतिहास आहे. खासगी महाविद्यालयांतले प्रवेश आणि शुल्क हा आपल्याकडचा जुना जखमेचा विषय. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ‘पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात सांगितलं की प्रवेशप्रक्रिया न्याय्य, पारदर्शक आणि शोषणमुक्त असली पाहिजे. पुढे २०१५ मध्ये राज्याने विनाअनुदानित व्यावसायिक संस्थांच्या प्रवेश आणि शुल्काचं नियमन करणारा कायदा केला. यादीचं मुख्य काम इथे आहे. ती तुमची विद्वत्ता फारशी मोजत नाही, पण संस्थाचालकाचा हात बांधते. हिंगोलीच्या, ओळखपाळख नसलेल्या मुलीला छत्रपती संभाजीनगरात जागा मिळते, ती त्या कोरड्या आकड्यामुळे.

हे किती मोलाचं आहे हे पीएच.डी.च्या प्रवेशात दिसलं. यूजीसीच्या २०१६ च्या नियमांत लेखी परीक्षा फक्त पात्रतेपुरती ठेवली आणि अंतिम निवड मुलाखतीवर सोपवली. दिल्लीत जेएनयूमध्ये त्याविरुद्ध आंदोलन झालं. मुलाखतीच्या खोलीत भाषा, आडनाव, पेहराव सगळंच मोजलं जातं, हा आक्षेप होता. २०१८ मध्ये दुरुस्ती होऊन ७० टक्के लेखी, ३० टक्के मुलाखत असं प्रमाण आलं आणि २०२२ च्या नियमांतही तेच राहिलं. मार्च २०२४ मध्ये नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठी ग्राह्य धरायचं ठरलं, तेव्हा जेआरएफ नसलेल्यांसाठी ७०-३० ठेवलं आणि जेआरएफवाल्यांची निवड मुलाखतीवर ठेवली. म्हणजे ज्यांनी परीक्षेत सर्वाधिक मिळवले, त्यांच्याच निवडीत मुलाखतीचं वजन सर्वाधिक! हे कोड्यात टाकणारं आहे, पण नियम तसा आहे.

आणि सगळी अंडी एका टोपलीत ठेवण्याचा धोकाही त्याच वर्षी कळला. १८ जून २०२४ ला नेट झाली, ९ लाखांहून अधिक उमेदवार बसले आणि दुसऱ्याच दिवशी ती रद्द झाली. फेरपरीक्षा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये.

एक गोष्ट मात्र शिक्षणशास्त्राला विशेष लागू आहे. बी.एड. सीईटी, टीईटी, शिक्षक भरतीची टेट, एम.एड. सीईटी, सेट किंवा नेट, शेवटी पेट. पहिल्या दारापासून पीएच.डी.च्या उंबऱ्यापर्यंत बहुतेक प्रत्येक दारावर पर्याय निवडायचेच प्रश्न उभे असतात. ‘मुलाला स्वतःच्या शब्दांत मांडू द्या’ हे ज्यांनी शाळांना शिकवायचं, त्यांनी स्वतः एक परिच्छेद लिहून दाखवावा असं यातलं जवळजवळ कुठलंच दार म्हणत नाही.

माझं मत

सीईटी राहावी, पण तिने तिला जमेल तेवढंच काम करावं. ती चाळणी म्हणून ठीक आहे. गुणांचे पट्टे करावेत. चार-पाच गुणांच्या आत असलेल्यांत फरक आहे असं भासवू नये आणि तिथे बी.एड.च्या गुणांनाही वजन द्यावं. प्रश्नपत्रिकेतले वीसेक प्रश्न तरी असे असावेत की एक छोटा तक्ता किंवा एखाद्या अभ्यासाचा सारांश द्यायचा आणि ‘यावरून कोणता निष्कर्ष निघत नाही?’ असं विचारायचं. पर्यायी प्रश्नांतूनही विचार तपासता येतो, तेवढी मेहनत घेणारा प्रश्नकर्ता हवा. आणि यादीला ‘गुणानुक्रम यादी’ म्हणावं. गुणवत्ता हा शब्द दीड तासाच्या कामगिरीला पेलत नाही.

हे बदल होतील तेव्हा होतील. तुम्हाला अर्ज यंदाच भरायचाय. त्यासाठी तीन गोष्टी.

पहिली: तुम्हाला हव्या असलेल्या महाविद्यालयांत तुमच्या प्रवर्गातून गेल्या वर्षी शेवटचा प्रवेश किती गुणांवर झाला ते केंद्रीभूत फेऱ्यांच्या यादीतून काढा. जागा कमी आणि अर्ज जास्त असतील तरच स्कोअर निर्णायक ठरतो. राज्यातल्या अनेक व्यावसायिक अभ्यासक्रमांत अट फक्त ‘शून्याहून अधिक गुण’ एवढीच असते आणि उरलेल्या जागा संस्था पातळीवरच्या फेरीत भरल्या जातात. जिथे जागा रिकाम्या राहतात, तिथे ५२ गुण आणि ७२ गुण यांचा शेवट एकाच बाकावर होतो. त्यासाठी हजारोंचा क्लास लावण्याआधी हे पाहून घ्या.

दुसरी: सराव चाचण्यांत तुम्ही त्या कटऑफच्या दहा गुण वर पोचला असाल तर थांबा. आणखी तीन गुणांसाठी घातलेला महिना गोंगाटाशी झुंजण्यात जातो. तोच महिना एका प्रश्नावर घाला: तुमच्या आसपासच्या एका शाळेत तुम्हाला काय खटकतं, ते कसं मोजाल, तुमचं म्हणणं चुकीचं असेल तर ते कशावरून कळेल? दोन पानं लिहा आणि कुणाला तरी वाचायला द्या. लघुप्रबंधाच्या मार्गदर्शकाकडे जाताना हीच दोन पानं तुमच्या हातात असतील.

तिसरी: गुण तिशीत अडकले असतील तर ‘परीक्षाच खोटी’ म्हणून सुटका करून घेऊ नका. ते अंदाजपंचे ठोकण्याच्या पातळीजवळ आहेत, बी.एड.चा पाया पुन्हा वाचा. पण ५८ वर जागा हुकली म्हणून ‘मी संशोधनाच्या लायकीची नाही’ असं ठरवत असाल, तर वरचं गणित पुन्हा करा. वर्गमूळ काढायला कॅल्क्युलेटर पुरतो.